वाळू लागलेले बोंबील

१

आमदार सुगंधा केणी वाळूत पालथ्या पडल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर बोंबील निवांत वाळत होते.

अंजनाबाईची नजर आधी बोंबलांवरच गेली. ती वलांडी तिची. बांबू रोवायचे, त्यांना दोऱ्या ताणायच्या आणि दोऱ्यांवर ओला मासा टांगायचा. मनोरीच्या खळ्यात, मासळी वाळवायच्या त्या मोकळ्या जागेत, अशा रांगा पार पाण्यापर्यंत गेलेल्या. उजाडता उजाडता ती कावळे हाकलायला आली, रांगा जागेवर बघून निर्धास्त झाली, आणि मग तिला खाली निळा पदर दिसला. डोक्यामागे रक्त. खांबाच्या बुडाशी ठेवलेल्या दगडालाही रक्त.

ती किंचाळली. पण ऐकायला गावात होतं कोण? पुरुष समुद्रावर. बायका पहिल्या बोटीने मार्व्याला उतरून विधान भवनाबाहेर धरणं धरायला गेलेल्या. तिची हाक ऐकली ती खळ्याच्या कडेच्या बंगल्यात उतरलेल्या तिघांनी. तिघेही धावत आले आणि तिघेही एकमेकांकडे असे बघत उभे राहिले, की जणू बाई पडल्याचं नवल नव्हतं, कोणी पाडलं एवढंच विचारायचं होतं.

पोलीस उपनिरीक्षक नमिता घाडी पोचली तोवर सुगंधाताईंना बोटीने पलीकडे नेऊन मालाडच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. श्वास चालू, शुद्ध नाही.

"घाडी," साहेब फोनवर म्हणाले, "पाय घसरून पडल्या म्हण आणि दुपारच्या आत मोकळी हो. वरून फोनवर फोन येतायत."

"वाळूत पाय घसरतो का सर?"

"बाळंतपणाच्या रजेवरून येऊन आठवडा नाही झाला तुला. आणखी रजा हवीय का?"

नमिताने फोन ठेवला. बोरिवलीला घरी तेजल सासूबाईंच्या मांडीवर रडत असणार. छाती जड झाली की तिला ते घड्याळ न बघता कळायचं. ती बंद पडलेल्या एका दुकानाच्या ओट्यावर क्षणभर टेकली. दुखऱ्या गुडघ्यांनी लंगडत अंजनाबाईने तिला पाण्याचा तांब्या आणून दिला.

"दुकान कोणाचं हे?"

"शेटचं. जमाना झाला बंद करून गेले त्याला. त्यांचा मिठू आमच्या पोरांतच वाढला. सुगंधाच्या पदराला धरून फिरायचा मेला." अंजनाबाईने खळ्याकडे बघितलं. "माजी सुगंधा उठल ना गो बाय?"

"उठतील." नमिताने तांब्या परत केला आणि ती वलांडीखाली जाऊन उकिडवी बसली.

तेव्हा तिला ते दिसलं. डोक्यावरच्या रांगेतल्या बोंबलांच्या अंगाला वाळू चिकटलेली होती. पुढची रांग स्वच्छ, मागची स्वच्छ. मधल्याच रांगेला वाळू.

"मावशी, ही रांग पडली होती का?"

"नाय गो. काल सांजचं मीनी सोताच्या हातांनी टांगली."

"मग सकाळी तुम्ही उचलून परत टांगलीत?"

"मी? सुगंधा तिथं पडलेली, न मी बोंबील टांगीन?" अंजनाबाई चवताळलीच.

नमिताने खांबाला हात लावला. तो दातासारखा हलत होता. दोरीची गाठ नवी होती, घाईत मारलेली. कोणीतरी ढकललं, ताई खांबावर आदळून दगडावर पडल्या, रांग खाली आली. इथपर्यंत सरळ होतं.

पण मग पळून जायचं सोडून तो माणूस इथे थांबला होता. रक्ताच्या थारोळ्याशेजारी गुडघ्यावर बसून त्याने पडलेला मासा न् मासा उचलून टांगला होता.

२

बंगल्याच्या पडवीत पाऊल टाकण्याआधीच नमिताला भांडण ऐकू आलं.

प्रकरण अख्ख्या महाराष्ट्राला माहीत होतं. सरकारचं बहुमत काठावरचं. खळ्याची जमीन पर्यटनाच्या जेट्टीसाठी एका कंपनीला देणारं विधेयक आज दुपारी मतदानाला यायचं होतं. सुगंधाताई सत्ताधारी पक्षाच्याच आमदार. पण त्या आपल्याच सरकारविरुद्ध विधान भवनाच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या होत्या. सोबत पक्षाचेच आणखी दोघे, मुलुंडचे चंद्रप्रकाश धुरी आणि घाटकोपरचे विपुल गडा. तीन मतं फुटली तर विधेयक पडणार होतं. पक्षाने व्हिप काढला, आमदारकी घालवायची धमकी दिली, एकेकाला बोलावून गोंजारलं. शेवटी ताई म्हणाल्या, सगळे माझ्या गावात येऊन राहा, एकटे सापडलात तर उचलून नेतील. म्हणून हा बंगला. गावात घर असूनही ताई इथेच झोपत होत्या, पहारा दिल्यासारख्या.

आता पहारेकरी हॉस्पिटलात होता.

"तूच फुटलास!" धुरी ओरडत होते. मोठं पोट, मोठा आवाज, कपाळावर अष्टगंध. "रात्री कोणाशी कुजबुजत होतास?"

"बायकोशी," विपुल गडा शांतपणे म्हणाले. तोंडावर पांढरा रुमाल धरला होता, त्यामुळे शब्द गाळून आल्यासारखे येत होते. "तुम्ही सांगा, धुरीशेठ, तुमच्या बुटांना चिखल कुठला?"

नमिताने बुटांकडे बघितलं. खाडीचा काळा चिखल, अजून ओला.

"धुरीसाहेब, सकाळी कुठे होता?"

"झोपलो होतो."

"बूट घालून?"

"मॅडम, तुम्ही कोणाशी बोलताय..."

"सध्या एका संशयिताशी."

धुरींचा चेहरा लाल झाला. शहरी मराठी गळून पडलं. "माका इचारतास? गिरणीकामगाराचो झील मी, माझ्या बापाशीन संपात उपाशी दिवस काढले! मी सुगंधाक मारीन?" मग एकदम आवाज उतरला. "जेट्टीवर होतो. फोनला तिथेच रेंज येते."

"कोणाचा फोन?"

ते बुटाचा चिखल जमिनीवर घासू लागले.

"प्रतोदांचा असणार," कोपऱ्यातून तिसरा आवाज आला. ताईंचा पीए कृणाल टपके, वेसाव्याचा कोळी. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. काल पायऱ्यांवरच्या धक्काबुक्कीत मोडला होता. "साहेब भाव काढत होते, दुसरं काय? आजारी पडायचं नाटक केलं तर काय मिळेल, याचा."

"तुझ्या तोंडाक..."

"खोटं आहे का?"

धुरींनी तोंड फिरवलं. "विचारलं फक्त," ते भिंतीला म्हणाले. "हो म्हटलं नाही."

जेट्टीवर तिकीट फाडणाऱ्याला नमिताने फोन लावला. तो हसत म्हणाला, "धुरीसाहेब? हो, बायकांची बोट सुटायच्या आधीपासून इकडेच होते. म्हातारी ओरडेपर्यंत कानाचा फोन काढला नाय. येरझाऱ्या घालून आमची जेट्टी झिजवली."

म्हणजे लाचार ठरले धुरी, पण हल्लेखोर नव्हे.

आत खोल्या बघताना धुरींच्या खाटेखाली नमिताला एक विचित्र माळ दिसली. सुके बोंबील, शेपट्यांना सुतळी बांधून ओवलेले.

"हे काय?"

"आज सभागृहात गळ्यात घालून जायचं ठरलं होतं, निषेध म्हणून," कृणाल तुच्छतेने म्हणाला. "साहेबांनी स्वतः ओवली. काल ताई किती हसल्या. बोंबील काय शेपटीने टांगतात?"

"मग कसे टांगतात?"

कृणालने डाव्या हाताने खिडकीबाहेर दाखवलं. "जबड्यात जबडा. दोन बोंबील घ्यायचे, एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवायचं आणि जोडी दोरीवर टाकायची. सुतळी लागत नाही की खिळा. लहानपणी हात बसला की बसला, नाहीतर जन्मात जमत नाही."

नमिता वळली आणि तडक खळ्यात परत गेली. वाळू लागलेली रांग तिने टोकापासून टोकापर्यंत पाहिली.

प्रत्येक जोडी जबड्यात जबडा अडकवून टांगलेली होती.

३

"कोळीच आहे," रांगेचं ऐकून धुरींनी लगेच निकाल दिला. "बंगल्यात कोळी एकच. पकडा टपक्याला! दोन वर्षं नगरसेवकाच्या तिकिटासाठी ताईंच्या मागे लागला होता. त्यांनी दिलं नाही."

"हो, नाही दिलं," कृणाल उसळून म्हणाला. "तोंडावर सांगितलं, तू माणसं जोडत नाहीस, तोडतोस. राग आला मला. अजून आहे. म्हणून मी त्यांना मारीन?"

"तुमच्यात रागाला काय..."

"आमच्यात म्हणजे कोणात, धुरी? नीट बोला!"

नमिता दोघांच्या मध्ये उभी राहिली. "टपके, हात."

त्याने प्लास्टर पुढे केलं. बोटांची फक्त टोकं बाहेर होती, सुजून निळी पडलेली. जबडा उघडायला एक हात, अडकवायला दुसरा. या हाताने एक जोडीसुद्धा झाली नसती, अख्खी रांग सोडाच. खांब सरळ करून गाठ मारणं तर दूरची गोष्ट.

"सकाळी काय करत होतास?"

"चहा. पीए म्हणजे सगळंच. एका हाताने स्टोव्ह पेटवतोय, त्याच हाताने दूध बघतोय, त्यात ह्या साहेबांना," त्याने विपुल गडांकडे हनुवटी उडवली, "लिंबू हवं. बाहेर अजून धड दिसत पण नव्हतं. म्हटलं घ्या टोपलीतून, मी काय दुसरा हात उगवू?"

विपुलभाई रुमालाआडून हसले. "गरीब माणूस चिडलाय. मॅडम, मी तर खोलीत सामायिक करत होतो. आमची प्रार्थनाच म्हणा. आसनावर बसलो की उठायचं नाही. ताईंचं ऐकून या वासात राहिलो, हेच माझं मोठं प्रायश्चित्त."

"आठवडाभर गावात पाय नाही ठेवला यांनी," कृणाल म्हणाला. "बोटीतून उतरले की तोंडाला रुमाल, रुमाल धरून बंगला."

"वास सहन होत नाही, त्यात माझा काय दोष?" विपुलभाई नमिताकडे वळले. "घाटकोपरला आमच्या सोसायट्यांसमोर मासळीवाल्या बसायच्या, त्या मी उठवल्या. लोकांनी मला त्यावरच निवडून दिलं. तरी मी एका कोळणीसाठी पक्षाशी भांडलो. आणि आज तुम्ही मला विचारता, सकाळी कुठे होतास?"

"अजून विचारलं नव्हतं," नमिता म्हणाली.

समोर टेबलावर कपभर चहा साय धरून पडला होता.

"तुमचा चहा?"

"पीए साहेबांची कृपा. त्यांना किती वेळा सांगितलं, माझी नवकारशी असते. सूर्य वर आल्यावर दोन घटका जाईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. आज त्यानंतर हा गोंधळ, चहा राहूनच गेला."

नमिताने मान हलवली. हिशेब कुठेच लागत नव्हता. धुरींना टांगता येत नाही आणि ते जेट्टीवर होते. कृणालला टांगता येतं, पण हात नाही. विपुलभाईंना मासळी बघवत नाही. गाव रिकामं. अंजनाबाईचे गुडघे वाकत नाहीत. म्हणजे बोंबील कोणीच टांगले नव्हते.

आणि तरी ते टांगलेले होते.

४

सासूबाईंचा फोन आला.

"दूध घेतलं का तेजलने?"

"घेतलं गं, रडून रडून घेतलं. तुझं काय? खाल्लंस काही? आणि येताना ताजे बोंबील मिळाले तर आण. नाहीतर नको. परवा तू साफ केलेस आणि पोरीला घेतलंस, तर तिने कसलं नाक मुरडलं! मी म्हटलं ना, आधी लिंबाची फोड हाताला चोळ, मग..."

नमिता पुढचं ऐकतच नव्हती.

परवाची संध्याकाळ तिच्या डोळ्यांसमोर आली. स्वयंपाकघराची मोरी. पिळून झालेली लिंबाची साल, बोटांच्या बेचक्यांत घासलेली. बोंबलाचे दात बारीक, केसाएवढे, पण टोचतात. लिंबाचा रस त्या टोचलेल्या जागी झोंबला होता. मग हात पुसून तिने पोरीला उचललं होतं.

"आई, ठेवते."

"अगं पण..."

"आणते बोंबील. ठेवते."

ती बंगल्यामागच्या मोरीकडे गेली. बादली, साबणाचा तुकडा. आणि दगडावर चोळून चोळून पांढरी पडलेली लिंबाची अर्धी साल.

धड दिसत नव्हतं तेव्हा लिंबू मागणारा माणूस. सूर्य वर येऊन दोन घटका होईपर्यंत पाणीही न पिणारा माणूस. मग ते लिंबू त्याला कशाला हवं होतं?

तिने अंजनाबाईला हाक मारली. "मावशी, जरा बंगल्यावर चला. गुडघे दुखतायत ठाऊक आहे. माझ्या खांद्याला धरा. एक माणूस ओळखायचाय."

५

पडवीत तिघे बसले होते, तीन दिशांना तोंडं करून. भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून पायऱ्यांचं थेट चित्र चालू होतं. खाली बायका धरण्याला बसलेल्या, पायऱ्या मात्र रिकाम्या.

"मॅडम, माझी वेळ होतेय," विपुलभाई उठत म्हणाले. "विधान भवनात पोचायला हवं."

"कोणत्या बाजूने मत द्यायला?"

ते थांबले.

"बसा. एक शंका आहे. नवकारशी मोडली का आज?"

"कधीच नाही. वीस वर्षांत नाही."

"मग अंधारात लिंबू कशाला घेतलंत?"

धुरींनी मान वळवली. कृणालचं तोंड उघडंच राहिलं.

"लिंबू? ते..." विपुलभाईंनी रुमाल सारखा केला. "उलटी होत होती. वास घ्यायला."

"वास घेतलेलं लिंबू मोरीत साल पांढरी होईपर्यंत घासलेलं सापडतं का? माझ्या घरी ते तसं होतं, विपुलभाई. मासे साफ केल्यावर. पोरीला उचलायच्या आधी."

"मी जैन आहे! मासळीला हात लावीन मी?"

"तेच मला अडवत होतं. मी शोधत होते कोळी, आणि कोळी इथे एकच, तोही हात मोडलेला. पण कोळ्यांच्या पोरांत वाढलेला माणूस कोळीच असायला हवा असं थोडंच आहे?" तिने हात पुढे केला. "रुमाल द्या. आठवडाभर सगळ्यांना वाटलं तुम्ही नाक झाकताय. तुम्ही चेहरा झाकत होता. गावात कोणी ओळखू नये म्हणून."

"हा अपमान आहे. मी गृहखात्याला..."

"रुमाल."

धुरी उठले. लाचार असतील, पण अंगाने भक्कम होते. त्यांनी विपुल गडांच्या हातातून रुमाल ओढून घेतला आणि त्यांना खांद्याला धरून उजेडाकडे वळवलं.

अंजनाबाई भिंतीला धरत धरत पुढे आली. गालावर आलेलं मांस, विरळ केस, महागडा चष्मा. ती बघत राहिली. मग तिने चष्मा काढून घेतला, जशी एखादी आई मुलाचं तोंड पुसायला काढून घेते.

"मिठू?"

विपुल गडांनी तोंड फिरवलं, तिने गालाला धरून परत वळवलं.

"मिठू रं! शेटचा मिठू! माज्या चुलीपुढं बसून जेवायचास, न घरी जायच्या आधी तोंड धुवायचास, आय मारील म्हणून. वलांडीला हात पुरंना तर सुगंधा तुला कडंवर घ्यायची." तिचा हात अजून त्यांच्या गालावर होता. मग तिला कळलं, आपल्याला इथे कशाला आणलंय. हात विस्तवावर पडल्यासारखा तिने मागे घेतला.

"बोटं दाखवा," नमिता म्हणाली.

त्यांनी मुठी आवळल्या. कृणालने डाव्या हाताने एक मूठ उघडली. बोटांच्या टोकांना बारीक लाल टोचे होते, लिंबाने चरचरून फुललेले.

"इतक्या वर्षांनी हाताची सवय गेली," नमिता म्हणाली. "टांगता आलं, पण टोचणं चुकवता नाही आलं."

६

विपुल गडा खाली जमिनीवर बसले. खुर्ची बाजूलाच होती.

"राज्यमंत्रीपद देणार होते," ते म्हणाले. "फक्त आज ती सभागृहात यायला नको होती. मी तिला समजवायला गेलो. म्हटलं ताई, एक दिवस नको जाऊस, मी मंत्री झालो की दुसरी जागा मिळवून देतो खळ्याला. तर ती हसली. म्हणाली, मिठू, तू घाटकोपरला कोळणींच्या टोपल्या उचलून फेकल्यास ना, तेव्हाही मी गप्प बसले. आज नाही बसणार. आज सभागृहातच सांगते, या माणसाला मासळी टांगायला मी शिकवलंय. विचारा त्याला, वास कधीपासून यायला लागला."

अंजनाबाईने भिंतीला पाठ टेकली.

"मी ढकललं. एवढंच. जोरात नव्हतं. खांब हलला, ती पडली, रांग खाली आली. हाक मारली तर ओ देईना. मला वाटलं ती गेली." त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. "आणि सगळे बोंबील वाळूत. ती ओरडायची ना आमच्यावर, अन्न आहे, वाळूत ठेवायचं नाही, आधी उचल मग रड. मला दुसरं काही सुचलंच नाही. हात चालत राहिले. शेवटची जोडी टांगली तेव्हा भानावर आलो."

"शेवटची जोडी टांगेपर्यंत ती बाई तुमच्या पायाशी रक्तात पडली होती," नमिता म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "श्वास चालू होता तिचा. वाकून बघितलंत? मासे उचलायला वाकलात, तिच्या नाकाशी हात धरायला नाही वाकलात? तेवढ्या वेळात एक हाक मारून झाली असती."

त्यांनी टोचलेली बोटं मुठीत लपवली.

फोन वाजला. हॉस्पिटलातून हवालदार दशरथ बोलत होता. "मॅडम, बाई शुद्धीवर आल्या! पहिलं विचारलं, मतदान झालं का? डॉक्टर म्हणाले बोलू नका, तर डॉक्टरलाच झापलं. आणि मॅडम, त्या सारखं म्हणतायत, मिठूला पकडा. हा मिठू कोण?"

"सापडला," नमिता म्हणाली.

साहेबांचाही फोन येऊन गेला होता. तिने परत लावला नाही. आधी पंचांना बोलावलं.

धुरी पडवीच्या कडेला उभे होते. कृणाल त्यांच्यामागे जाऊन म्हणाला, "आता काय, साहेब? एकटेच उरलात. एका मताने विधेयक पडत नाही. आजारी पडा, भाव चांगला येईल."

धुरींनी वळून बघितलं. नमिताला वाटलं, आता हा याला मारतो. पण ते आत गेले आणि शेपटीने बांधलेली ती माळ घेऊन बाहेर आले.

"ही गळ्यात घालू?"

अंजनाबाईने माळ हिसकावून घेतली. "लाज आणशील आमची." ती लंगडत खळ्यात गेली, स्वच्छ रांगेतल्या सुकत आलेल्या जोड्या काढून एका दोरीवर अडकवल्या आणि ती दोरी त्यांच्या गळ्यात टाकली. "तोंड नको लपवू. तुजं तोंड दिसू दे टीव्हीवर."

"आणि टपक्या," जाता जाता धुरी म्हणाले, "तुझ्या त्या टीव्हीवाल्यांका सगळ्यांका फोन लाव. सांग, आमदारीण कोणी पाडली, न कशासाठी."

७

पंचनामा आटोपून निघेपर्यंत दुपार कलली होती.

बंगल्यातला टीव्ही आता मोठ्याने ओरडत होता. विधान भवनाच्या पायरीवर चंद्रप्रकाश धुरी उभे होते, गळ्यात बोंबील, अष्टगंध घामाने ओघळलेलं. "माझ्याच पक्षाक इचारतंय," ते घसा फुटेस्तोवर ओरडत होते, "एका बाईचा डोकां फोडून बहुमत होता काय?" आधी ते एकटेच होते. मग त्यांच्या शेजारी पक्षाचेच दोघे येऊन बसले, किनाऱ्यावरचे, आजवर तोंड न उघडलेले. थोड्या वेळाने आणखी एक जण आला. आत गोंधळ इतका झाला की कामकाज दिवसभरासाठी तहकूब करावं लागलं. विधेयक आलंच नाही.

"आज वाचलं," कृणाल म्हणाला. "उद्या परत आणतील."

"उद्या ताई खाटेवरून उतरतील," नमिता म्हणाली. "डॉक्टरला झापून."

तो पहिल्यांदा हसला.

जेट्टीकडची वाट खळ्यातूनच जात होती. विपुल गडा नमिताच्या बाजूने चालत होते, उघड्या तोंडाने. वारा सुटला होता आणि वलांड्यांवरचे बोंबील खडखडत होते. तोंड झाकायला त्यांनी एकदाही हात वर केला नाही.

वाळू लागलेल्या रांगेपाशी अंजनाबाई उभी होती. ती त्यांची वाटच बघत होती. ते जवळ येईपर्यंत ती थांबली. मग तिने दोरीची गाठ सोडली, सकाळी त्यांनी मारलेली, आणि अख्खी रांग वाळूत सोडून दिली. जोड्या सुटल्या, उड्या मारल्यासारख्या इकडेतिकडे पसरल्या. तिच्या पोटाचा मासा होता तो, तिच्या घामाचा. ती त्यावरून पाय देऊन पलीकडे गेली.

विपुल गडा थांबले. त्यांचे गुडघे आपोआप वाकले. हात खाली गेला, पहिल्या बोंबलापर्यंत पोचला.

"हात नको लावू," अंजनाबाई म्हणाली.

ते वाकलेलेच राहिले. नमिताने त्यांच्या दंडाला धरून उठवलं. पलीकडून बोट यायला लागली होती, आणि मागे कावळे उतरायला.